शेवटचा ब्लॅक अँड व्हाइट

टहिलराम शेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू होते. एक ब्लॅक अँड व्हाइट, एक रंगीत. कॅम्प दोनच्या वस्तीत आता ज्याला त्याला रंगीतच हवा होता, त्यामुळे वरून ब्लॅक अँड व्हाइट येणं बंद झालं होतं. दुकानात त्यातला हा शेवटचाच पीस होता.

“टाइपिंग का काम है तो येही लो, शिवराम भाऊ,” शेठने त्याच्यावर टिचकी मारली. “अक्षर एकदम साफ. दिनभर बैठो, आँख में पानी नहीं आएगा. वो कलरवाला गेम के लिए. बच्चा लोग खूश.”

“आम्हाला कामाचाच पाहिजे,” शिवराम म्हणाले. “पोराला कामाला लावायचंय.”

पोर म्हणजे भगवान. चांगला सव्वीस वर्षांचा, उजवा हात पँटच्या खिशात घालून उभा होता. अंबरनाथच्या एका वर्कशॉपात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्या हाताची बोटं गेली आणि तेव्हापासून तो घरी होता. आता विठ्ठलवाडीच्या एका वकिलांनी मराठी अर्ज टाइप करायला देतो म्हणून सांगितलं होतं. भगवानने टाइपिंग क्लासातून मराठी टाइपरायटरचा तक्ता मागून आणला, साडीच्या खोक्यावर स्केचपेनने बटणं काढली आणि अख्खा पावसाळा डावा हात त्या पुठ्ठ्यावर चालवला. डोळे मिटूनसुद्धा कुठलं अक्षर कुठे ते त्याला सांगता यायचं. खऱ्या मशीनला मात्र तो आज पहिल्यांदाच हात लावणार होता.

मागे स्टुलावर कुमुदिनी बसली होती. छापखान्यात ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करायची. तिथल्या रंगीत पडद्याने तिचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल व्हायचे, म्हणून घरी काम करायला तिला ब्लॅक अँड व्हाइट हवा होता. “ये लोग पहले आए, बहेनजी,” शेठने तिला सांगितलं होतं. “इन्होंने नहीं लिया तो आपका.”

“बस,” शिवराम भगवानला म्हणाले. “नाव लिहून दाखव तुझं.”

भगवान बसला. बटणांकडे बघायचं नाही, असं क्लासात शिकवतात. तो पडद्याकडे बघत राहिला आणि डावा हात भरभर फिरला. पडद्यावर नाव उमटलं नाही. कुठली तरी अक्षरं, सुटी वेलांटी, अधांतरी लोंबणारा उकार, असलं काहीतरी उमटलं.

त्याने पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा हुबेहूब तेच. चुकणारा माणूस दर वेळी वेगळं चुकतो, पण एवढं बघायला कुणी थांबलं तर ना. शेठला मराठी टाइप करता येत नव्हतं आणि शिवरामांना पडदा बघून नुसती लाज वाटत होती.

कुमुदिनीला मात्र पहिल्याच झटक्यात कळलं. तीही टाइपरायटरवरच शिकलेली. छापखान्यात पहिले काही दिवस तिच्याही हातून असाच कचरा निघाला होता, कारण कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं की त्या टाइपरायटरसारख्या होतात. तेवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. ती अर्धवट उठलीसुद्धा. मग तिची नजर त्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर गेली आणि ती परत खाली बसली. मांडीवरची पर्स तिने नीट केली.

“बाबा, एकदा परत बघतो.”

“किती वेळा? दुकानात माणसं बसलीत.”

“घरी येत होतं मला.”

“पुठ्ठ्यावर,” शिवराम म्हणाले. “पुठ्ठ्यावर मलापण येतं.”

शेठला कसंतरी झालं असावं. त्याने रंगीत मॉनिटरवर मोटारींची शर्यत लावली आणि भगवानची खुर्ची तिकडे सरकवली. “ये चलाके देखो. इसमें एक हाथ बस है.” भगवान नको नको म्हणत बसला. पहिल्या वळणावर मोटार आपटली, दुसऱ्या वळणावर सावरली, आणि मग त्याच्या डाव्या हाताने सगळ्या मोटारी मागे टाकल्या. शेठ टाळ्या वाजवायला लागला. भगवानला हसू आलं. फार दिवसांनी आलं होतं, त्यामुळे त्याला ते आवरता आलं नाही.

शिवराम त्या हसण्याकडे बघत राहिले.

“हाच द्या, शेठ. रंगीत.”

“और वो मराठी का प्रोग्राम?”

“तो कशाला आता? गेम टाका चार-पाच.” मग ते मुलाकडे वळले. आवाज मऊ होता, आणि तोच जास्त लागला. “वकिलांना मी सांगतो दुसरा माणूस बघायला. तू घरी बस आरामात. खेळ. आम्ही आहोत ना कमावणारे.”

भगवानने उजवा हात परत खिशात घातला. शिवराम रिक्षा बघायला बाहेर गेले. शेठ रंगीत मॉनिटर खोक्यात भरायला लागला आणि त्याने कुमुदिनीला खूण केली, “आओ बहेनजी, आपका नंबर.”

ती खुर्चीवर बसली. वरच्या रांगेतलं एक बटण तिने दाबलं आणि दोन्ही हातांनी सुरुवात केली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून.’ पडद्यावर अक्षरं अशी स्वच्छ उमटली की दारातूनसुद्धा वाचता यावीत. दारात भगवान मघापासून तिच्याकडेच बघत उभा होता. त्याने ती वाचली. मग त्याने तिच्या बोटांकडे बघितलं. कुठलं बोट कुठे पडतंय ते त्याला पाठ होतं. सगळी बोटं त्याच्या पुठ्ठ्यावरच्याच जागांवर पडत होती.

तो पुढे आला.

“ताई, तुम्ही आधी ते काय दाबलंत?”

बाहेरून शिवरामांनी हाक मारली. रिक्षा आली होती.

कुमुदिनीने पडद्यावरून नजर काढली नाही.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “रोजची प्रॅक्टिस लागते याला, भाऊ.”