पाठीमागचा कंदील
सुपा धरणाच्या पाण्यावर रात्रीचं धुकं दाटलं होतं. होडी वल्हवणाऱ्या धाकलूअज्जाच्या कपाळाला नातीनं, रक्षितानं, बॅटरी बांधली होती, पण समोर नुसती पांढरी भिंत दिसत होती. तेवढ्यात मागून मोटरबोटीचा आवाज जवळ आला. "अज्जा, त्यांना आपण दिसतच न्हाई!" रक्षिता घाबरली. "दिवा पुढं बांधून माझंच डोळं दिपवलंस, बाय. हा घे, पाठीमागं बसून उंच धर. तुझी आजी कंदील घेऊन तशीच बसायची." रक्षितानं बॅटरी डोक्यावर धरली. भोंगा वाजला, मोटरबोट वळली आणि लाटांवर होडी डुलत राहिली. अज्जाला धरणात बुडालेल्या झाडांचे बुंधे दिसू लागले. आजीची जात्यावरची ओवी गुणगुणत त्यानं होडी काठाला लावली, उतरून नातीला आधाराला हात दिला. आयुष्यात बायकोचं नाव कधी न घेतलेला अज्जा म्हणाला, "उतर, पुतळी." रक्षिता उतरली.