मधली जागा

पंपघराच्या दाराला पाठ लावून चौघे वनरक्षक उभे होते. आत बिबट्या गुरगुरत होता. डॉक्टर शलाकाच्या मोबाइलवर घाटात अडकलेल्या केंजळे सरांचा मेसेज आला, "भुलीचं औषध ११/२ मिली. लगेच मार."

अकरा छेद दोन म्हणजे साडेपाच. तिनं बाटलीत सुई खुपसली आणि थबकली. बंदुकीतून मारायच्या डार्टमध्ये तर तीनच मिली मावतं. दोन डार्ट मारायचे असते, तर सरांनी तसं लिहिलं नसतं?

आतून धडक बसली. "मॅडम, बिजागरी निघतेय! मारा की!" एक वनरक्षक ओरडला.

तिनं फोन लावला. "सर, साडेपाच मिली?"

"साडेपाच? अगं, जीव घेतेस का त्याचा! एक पूर्णांक एक छेद दोन लिहिलंय मी!"

"एकाला एक चिकटलाय, सर. मधे जागाच नाही. सरळ दीड लिहायला काय झालं होतं?"

तिनं दीड मिली भरलं, खिडकीच्या गजांतून नेम धरून डार्ट मारला. हळूहळू गुरगुर विरत गेली.

सर पोहोचले तेव्हा बिबट्या पिंजऱ्यात निजला होता. पोट संथ हलत होतं. आता त्याला जागं करायचं औषध द्यायचं होतं. शलाकानं सिरिंज उचलली. "किती, सर?"

"तीन छेद..." तिची नजर वर आली, तसे सर अडखळले.

"पाऊण," ते हळूच म्हणाले. "अक्षरी पाऊण."