मृनालचं गाव

मंगळवार, ९ मार्च १९८२. सकाळी साडेदहाला दमयंती भोईर वाशीतल्या एका लहानशा छापखान्यात शिरली आणि टेबलामागच्या गृहस्थांना म्हणाली, "मला कादंबरीच्या लेखकांना भेटायचंय. मृणालबद्दल विचारायचंय."

"मीच तो. बसा," ते म्हणाले. "पण ती खटला जिंकते की हरते, ते सांगणार नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही."

ते नंदकुमार किल्लेदार. छापखाना त्यांचा, चार पानी साप्ताहिक त्यांचं, आणि दर शनिवारी त्यात येणारी कादंबरीही तेच लिहीत.

"खटल्याचं नाही, साहेब," दमयंती म्हणाली. एकेक शब्द ती तोलून टाकत होती. "ती कुठली, एवढंच सांगा."

दमयंती तळवलीची. गावातून शिक्षिका झालेली पहिलीच मुलगी. वाशीच्या दुपारच्या शाळेत तिला दोन वर्षं होत आली होती. येत्या शुक्रवारी समितीसमोर नमुना पाठ द्यायचा, आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते त्यावर ठरायचं. गेल्या खेपेला समितीने एकच शेरा मारला होता : उच्चार सुधारावेत. या खेपेला पाठाचा विषयच पाणी होता.

तीन महिने ती आरशासमोर 'पाणी, लोणी, कोण' घोकत होती. सावकाश बोललं की जमायचं. वर्गात मुलांनी भराभर प्रश्न विचारले की 'पानी' तोंडातून निसटायचं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

मृणाल अडखळत नसे. ती वकील होती, आणि कुणापुढे दबून बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. दमयंती प्रत्येक प्रकरण कापून वहीत चिकटवी. मृणाल कोर्टात उभी राहिली की ही घरात पाठ ताठ करून वाचत बसे.

आई, सुमित्राबाई, चुलीपाशी बसून म्हणे, "ती बाय कागदावरची हाय गो. तुझ्या जागी धडा द्याला येनार हाय का?"

मग चौदावं प्रकरण आलं. साक्षीदार उलटला, न्यायाधीश भडकले आणि त्यांनी विचारलं, "आपण कोण?" मृणाल उठली आणि म्हणाली, "मी मृनाल. कोनाच्या सांगन्यावरून आलेली नाही."

 दमयंतीने ती ओळ बोट ठेवून वाचली, मग मोठ्याने वाचली. पुढच्या दोन प्रकरणांतही तेच. न्यायाधीश पूर्वीसारखेच बोलत होते, सरकारी वकीलही. मृणाल मात्र तळवलीच्या बायकांसारखी बोलत होती, भर कोर्टात, आणि कुणी हसत नव्हतं.

त्या दिवसापासून आरसा बंद झाला. शुक्रवारी आपणही तसंच बोलायचं, तिने ठरवलं. फक्त एकदा खात्री करून घ्यायची.

"कुठली म्हणजे?" किल्लेदार म्हणाले. "दादरची. सहाव्या प्रकरणात लिहिलंय मी."

"ते माहीत आहे. पण मुळात? घणसोली, बेलापूर... आमच्याकडचीच असणार. नाहीतर ती मृनाल कशाला म्हणेल?"

किल्लेदारांनी कपाळावर हात मारला.

"अहो बाई, तो खिळ्यांचा घोळ! आमच्याकडे ण चे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, झिजून संपलेत. इथे एकेक अक्षर हाताने उचलून ओळ जुळवायची. ण नसला की न लावायचा. मी प्रुफात दुरुस्त करतो, तर आमचा नामा म्हणतो, साहेब, आनू कुठून? आता नवे मागवलेत. तोवर आहे हे असं. एवढ्या लोकांत पकडलंत तुम्हीच, मानलं."

 दमयंतीने सोबत आणलेली कात्रणांची वही मांडीवर उपडी ठेवली.

"मंजे ती आमच्यातली नाय," ती शेवटी म्हणाली. तिला आता तोलून बोलायचं सुचलं नाही. "शुक्रवारी धडा हाय माझा. ती बोलते तर आपून का नाय, असं मनात धरून बसले होते."

किल्लेदार चष्मा काढून पुसत राहिले. माणूस मनाने वाईट नव्हता.

"या, दाखवतोच तुम्हाला," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघा, म्हणजे मनात राहायला नको."

मागच्या खोलीत नामा उभा होता. पन्नाशीचा, नावडे गावचा. समोर उतरत्या लाकडी खणात खिळ्यांची लहान लहान घरं, प्रत्येक अक्षराचं वेगळं. वर टेकवलेला सतराव्या प्रकरणाचा कागद.

"नामा, या बाईंना ण चं रिकामं घर दाखव रे. आपल्या मृणालला गाववाली समजून आल्यात."

नामाने दमयंतीकडे पाहिलं. "आमची कमळी तुमच्याच वर्गात हाय, बाई," तो म्हणाला. "पाचवी ब. घरी येऊन समदं सांगते." एवढं बोलून तो पुन्हा कागदाकडे वळला.

"बरं, मीच दाखवतो," म्हणत किल्लेदार पुढे झाले आणि त्यांनी ण च्या घरात बोट घातलं.

बोट आत गेलंच नाही. घर काठोकाठ भरलं होतं. खिळे कोरे होते, कडा धारदार. न च्या घराचं मात्र लाकूड दिसत होतं. तळाला पाच-सहा खिळे उरले होते.

"नामा?" किल्लेदार म्हणाले.

नामा कागद वाचत होता. दमयंतीनेही वाचला. किल्लेदारांच्या वळणदार अक्षरात पुढची ओळ होती : मृणाल म्हणाली, "कोणी हसलं तरी मी बोलणार."

पहिल्या दोन शब्दांसाठी नामाने भरल्या घरातून दोन ण उचलले. मग त्याने अवतरणचिन्ह लावलं, 'को' लावला, आणि जवळजवळ रिकाम्या घरात बोटं घालून तो न शोधू लागला.