पडद्याच्या अलीकडे

खुर्ची आपोआप वर गेली, अर्धवट फिरली आणि मागे कलली. चिझुरूच्या कमरेवर गुलाबी पडदा पडला. अलीकडे ती, पलीकडे डॉक्टर मुराओका. जपानातल्या दवाखान्यांची ही रीतच. बाईला लाज वाटू नये म्हणून. बाईच्या लाजेची काळजी घ्यायला सगळे तयार, बाईची कोणी घ्यायची ते मात्र ठरलेलं नाही.

हे पाचवे डॉक्टर. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षं योनीच्या तोंडाशी आग होत होती. नवरा जवळ आला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. हल्ली तर सायकलवर बसवत नव्हतं, ऑफिसातही ती एका मांडीवर कलून बसायची. आधीच्या चौघांनी तपासलं. जखम नाही, सूज नाही, जंतू नाहीत. दुखणं मनाचं आहे म्हणाले. एकाने तर नवऱ्याजवळ जाण्याआधी घोटभर साके, म्हणजे तांदळाची दारू, घ्यायला सांगितली. घ्या!

मनाचंही होतंच म्हणा. दुखेल या धास्तीने अंग आधीच आवळायचं, आणि आवळलं की जास्तच दुखायचं. यातलं पहिलं कुठलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि तोंड दाबत होती ती स्वतःच. दुखलं तरी हूं की चूं करायचं नाही, समोरच्याला अवघडवायचं नाही, हे बाळकडूच मिळालेलं. नवऱ्यालाही ती एवढंच सांगायची, थोडं दुखतं. मग अंधारात तोंड फिरवून उशी चावायची. कात्सुहिकोने त्या फिरवलेल्या तोंडाचा भलताच अर्थ लावला. येत्या एप्रिलमध्ये त्याची सेंदाईला बदली होणार होती. आज सकाळी गाडीत तो शांतपणे म्हणाला,

"आजही काही निघालं नाही, तर मी एकटाच जातो. तुला मी नकोसा झालोय, तेवढं सरळ सांगायचंस."

तिला तो हवा होता. फार हवा होता. पण तेवढंही तिच्याच्याने सांगवलं नाही. आता तो बाहेर बाकावर बसला होता.

कापसाची काडी लावून बघतो, असं पलीकडून डॉक्टर म्हणाले. काडी टेकली आणि चिझुरूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने खालच्या ओठासकट रुमाल दातांखाली दाबला. दुखतंय का, त्यांनी विचारलं. सवयीने तिने रुमाल काढला आणि ठीक आहे म्हणाली. पलीकडे पेन कागदावर चालू लागलं. पाचव्यांदा तेच लिहिलं जात होतं. तिला स्वतःचाच भयंकर संताप आला.

तिने हात लांबवून पडदा सर्रकन बाजूला ओढला.

मुराओका दचकले. समोर घामाने भिजलेला चेहरा होता, खालच्या ओठावर दातांचे वण होते.

"मी खोटं बोलले, डॉक्टर. पुन्हा लावा. आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. तिच्याकडे बघत काडी अगदी हलकेच टेकवली. चिझुरूने रुमाल धरला नाही, ओठ चावला नाही. आई गं, म्हणून ती जिवाच्या आकांताने ओरडली.

बाहेर कात्सुहिको ताडकन उभा राहिला. थोडं दुखतं, हे तो चार वर्षं ऐकत आला होता. किती, ते त्याला आज ऐकू आलं.