पळता येईल अशी चप्पल

साहेबांनी कामाच्या टेबलावर भलंमोठं कुलूप ठेवलं, तेव्हा मोठी एका चपलेचा पट्टा ताणून चिकटवत होती. तिने मान वर केली नाही. चिकटवता चिकटवता पट्टा सोडला की तो रुसतो. साहेब तर रुसूनच आले होते, त्यांना थोडं थांबवलं म्हणून काही बिघडणार नव्हतं.

चपलांचा कारखाना म्हणजे जुन्या गोदामातली एक लांब खोली, पुढे अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक. इथे काम करणारी प्रत्येकजण कधी ना कधी विकली गेलेली. कुणाला सख्ख्या मामाने विकलं, कुणाला नोकरी लावून देते म्हणणाऱ्या बाईने. पोलिसांनी सोडवून आणलं खरं, पण पुढे खायचं काय, राहायचं कुठे, ते या पोरींनी आपलं आपण उभं केलं. सगळ्यात आधी सुटून आली ती मोठी. वयाने ती मधलीच, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

साहेब सरकारी खात्यातले, सुटून आलेल्या या पोरींची जबाबदारी त्यांच्यावर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फाटक दिवसभर सताड उघडं असतं, हे वरच्यांना पसंत नाही. परवाच आणून सोडलेली मुलगी कुणाशी बोलत नाही, तिचा भरवसा काय? ती पळाली आणि पुन्हा त्याच दलालांच्या तावडीत सापडली, तर जाब साहेबांना द्यावा लागणार. तेव्हा आजपासून फाटकाला कुलूप आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. मान्य नसेल तर कारखाना बंद, सगळ्याजणी दुसरीकडे.

साहेब काही वाईट नव्हते. शिलाईची यंत्रं त्यांनीच खटपट करून मिळवून दिली होती. मोठीला म्हणूनच जास्त राग आला. वाईट माणसाला निदान शिव्या घालून मोकळं होता येतं.

नवी मुलगी कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसली होती. आल्यापासून तोंडातून शब्द नाही, पायात काही नाही. समोर चपला ठेवल्या की पाय पोटाशी ओढून घ्यायची. मोठीने तिच्या हाती काम दिलं नव्हतं. बसू दे, बघू दे, म्हणाली होती.

बघण्यासारखं इथे एक होतं. नवी जोडी झाली की कुणीतरी ती पायात घालायची, फाटकापर्यंत जीव खाऊन पळायचं आणि परत यायचं. कुठे टोचतं, काय निसटतं, ते सांगायचं. पळता आलं नाही की जोडी उसवायची, मग ती दिसायला कितीही देखणी असो. आत्ताही एकजण ओढणी कमरेला खोचून धावत सुटली आणि साहेबांना हसू आवरेना. बायका काय शर्यतीसाठी चपला घेतात, असं त्यांनी विचारलं.

मोठीने पट्टा सोडला.

"तिथे आम्हाला उंच टाचांच्या चपला द्यायचे, साहेब. मिरवायला नाही. त्यात पळता येत नाही म्हणून. मी पळून बघितलं होतं, जिन्यातच पडले." तिने वाकडा झालेला घोटा पुढे केला. "आमच्या हातच्या चपलेत बाईला पळता आलं पाहिजे. आणि पळायचं तर फाटक उघडं पाहिजे."

साहेबांनी त्या घोट्याकडे पाहिलं. मग सांभाळून बोलले. दुःख कळतं, पण नियम तो नियम. कुलूप उचलून ते अंगणात उतरले. मोठी त्यांच्या पुढे लंगडत गेली आणि फाटकात हात पसरून उभी राहिली. माझ्या अंगावरून जाऊन लावा, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. नवी मुलगी! टेबलावरची ताजी जोडी पायात घालून ती वाऱ्यासारखी फाटकाकडे येत होती. "धरा तिला!" साहेब ओरडले. मोठीचे हात पसरलेलेच होते. मिटले असते, तर पोरगी आयती मिठीत आली असती.

मोठी बाजूला झाली.

पोरगी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. झालं समाधान, असं साहेबांनी विचारलं. मोठीची नजर कोपऱ्यावरच होती. बाहेर कोण टपून बसलं असेल, देव जाणे. काही झालं तर हे पाप आपल्याच माथी, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी ती ताठ उभी राहिली.

"आजवर तिला दुसऱ्यांनीच इकडून तिकडे नेलं," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा स्वतःच्या पायाने गेली."

साहेबांनी कडीत कुलूप अडकवलं. आतल्या सगळ्याजणी दारात येऊन उभ्या राहिल्या. रस्ता रिकामा होता. साहेब फाटक ओढून घेऊ लागले, आणि मोठीने दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

कोपऱ्यावर धूळ उडाली. पोरगी गेली तशीच धावत आली, दोघांच्या मधून आत शिरली आणि थेट कामाच्या टेबलापाशी जाऊन थांबली. छाती भात्यासारखी हलत होती. तिने पायातली चप्पल काढली आणि मोठीच्या दिशेने धरली.

"डाव्या पायाचा पट्टा सैल आहे," ती म्हणाली.