हेदीच्या ट्रकमधली खणखण

स्फाक्स शहरातल्या ट्रक-शोरूममधला मेकॅनिक लोत्फी याने हेदीच्या ट्रकचं इंजिन तीनदा उघडलं, तरी खणखण काही थांबेना. मॅनेजर म्हणाले, "हा ट्रक चौथ्यांदा परत आला, तर तू घरी."

शेवटी केबिनखाली तारेने लटकवलेली घोड्याची नाल दिसली.

"हे काय, हेदी?"

"आईने बांधलीय, दृष्ट लागू नये म्हणून. नालेचा इंजिनाशी काय संबंध?"

लोत्फीने नाल काढून टेबलावर ठेवली. आवाज बंद. हेदी खुशीत निघाला आणि फाटकातच मॅनेजरांच्या नव्या गाडीवर आदळला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांची चेपलेली गाडी खणखणत आत आली. टेबलावरची नाल गायब होती. लोत्फीने पाना उचलला.

 

"बॉनेट उघडलंस," मॅनेजर म्हणाले, "तर तू घरी."