चिंध्याच्या वजनाचा गूळ

"पोर्‍याले लोखंडनी खुर्चीमां काय बांधस? कैदी शे का तो?" पुष्पाबाईंनी नातवाला कडेवर घेतलं आणि मारुतीचं मागचं दार कमरेच्या धक्क्याने लावून टाकलं.

गाडीत पोराला बसवायची ती पट्ट्यांची खुर्ची मागच्या सीटवर घट्ट बसलेली होती. रजनीने ती जळगावच्या गॅरेजात नटबोल्ट मारून पक्की करून आणली होती. तान्हेपणीची टोपलीसारखी खुर्ची आता तिच्या पोराला, चिंध्याला, पुरेना. पट्टे खांद्याच्या खाली येऊ लागले, पाय बाहेर लोंबू लागले. म्हणून तिने मस्कतच्या नणंदेला सांगून ही मोठी मागवली. सासूचा हिशेब निराळा होता. पोर मोठं झालं, आता खुर्ची हवीच कशाला?

"मनी मांडीवर बठ्ठा पोरे वाढनात," त्या म्हणाल्या. सगळी पोरं त्यांनी मांडीवरच वाढवली होती. "एक तरी पडना का?"

"भांडू नका गं सकाळी सकाळी," रजनीचा नवरा अभिमन हसत म्हणाला. "रजनी, गाडी तू चालव. तुझ्या आबांनी शिकवलीच आहे. आई मागे ऐसपैस बसेल. चिंध्याला मी पुढे मांडीवर घेतो."

"आणि ट्रक आडवा आला तर?"

"तर धरेन." त्याने बाह्या सरकवून दंड दाखवले. कापसाचं बोचकं एकट्याने पाठीवर टाकणारे हात होते ते. "या हातांतून त्याला कोण काढून नेणार आहे? तू?"

रजनी त्या हातांकडे बघत राहिली. शिमग्याच्या आधी एरंडोलजवळ तिच्या वडिलांची जीप ट्रकवर आदळली. आबा पुढे बसले होते आणि त्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. दवाखान्यात पांढऱ्या चादरीबाहेर राहिलेली त्यांची मनगटं तिने पाहिली होती. ती भलत्याच दिशेला वळलेली होती.

ओट्यावर गुळाची ढेप तयार होती. आज जिच्या दर्शनाला निघायचं होतं त्या देवीला नवस होता, पोराच्या भारोभार गुळाचा. काल कापसाच्या काट्यावर एका पारड्यात चिंधा बसला, दुसऱ्यात ढेप. जास्तीचा गूळ सुरीने तासून काटा मध्यावर आणला. मग सासूने ढेप चिंध्याच्याच पिवळ्या दुपट्यात गुंडाळून ठेवली.

रजनीने ती उचलली. हातांना सवयीचं वजन लागलं.

"अवं, देवीना गूळ शे तो!"

"माहीत आहे." ती अभिमनकडे वळली. "बसा पुढे. हा चिंधा. धरून दाखवा."

"एवढंच ना?" तो बसला. दुपट्यातली ढेप त्याने छातीशी घेतली, वर तिला दोनदा थोपटलं. पुष्पाबाईसुद्धा हसल्या.

"पट्टा लावा."

"खळ्यात?"

"लावा."

त्याने पट्टा लावला. रजनीने गाडी उलटी घेत फाटकापर्यंत नेली. समोर रिकामं खळं आणि खळ्याच्या टोकाला मातीचा बांध. सासू चिंध्याला घेऊन ओट्यावर उभी होती, लांब. रजनीने ते एकदा पाहून घेतलं.

पहिला गिअर. दुसरा. अभिमन ढेपेला म्हणत होता, "चिंधूशेठ, तुमची आई घाबरट आहे बरं का." तिसरा गिअर पडला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर नव्हता.

"रजने! थांबव! अगं ए—"

त्याने ढेप आवळली. हनुवटी तिच्यावर दाबली. जीव खाऊन धरली.

बांध आला.

पत्रा चेपल्याचा आवाज मोठा नव्हता. ढेपेचा मोठा होता. कुणी हिसकावून घ्यावी तशी ती त्याच्या मिठीतून गेली, समोरची काच फोडून बॉनेटवर आपटली आणि दुभंगली. रजनीचं तोंड स्टिअरिंगवर आदळलं. ओठ फुटला. काचेचा चुरा दोघांच्या अंगावर पडत राहिला. मग बॉनेटखालून वाफ निघू लागली आणि ओट्यावरून सासूची किंकाळी आली.

अभिमन लाथेने दार उघडून बाहेर पडला. नाकातून रक्त मिशीत उतरत होतं. फेरी घालून त्याने तिचं दार उघडलं, दंडाला धरून तिला खाली ओढलं, बांधावर ढकललं.

"मारून टाकलं असतंस मला! डोकं फिरलंय का तुझं?"

त्याने हात उगारला. ती मागे सरली नाही. तोंडातलं रक्त मातीत थुंकून ती त्या उगारलेल्या हाताकडे बघत उभी राहिली. हात तिथेच थांबला.

पुष्पाबाई धापा टाकत आल्या. बॉनेटवर ढेपेची दोन शकलं पडली होती. ओलसर गुळात काचेचे दाणे रुतून चमकत होते. कडेवरच्या चिंध्याने वाकून हात पुढे केला. गूळ दिसला की तो तसाच करायचा. म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली.

"नको रे बाप्पा! काच शे त्यामां."

चिंधा रडू लागला. त्यांनी त्याला पोटाशी धरलं, आणखी घट्ट धरलं. मग आपल्याच हातांकडे पाहिलं. त्या गाडीला वळसा घालून मागच्या दारापाशी गेल्या आणि ते उघडून, आत हात घालून खुर्ची हलवून पाहू लागल्या. एकदा. परत एकदा, दोन्ही पाय रोवून. खुर्ची हलली नाही.

अभिमनचा हात अजून वरच होता. त्याच्या मुठीत पिवळं दुपटं होतं, पिळल्यासारखं घट्ट. त्याने मूठ उघडू पाहिली. बोटं उघडेनात.

"मी सोडलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," रजनी म्हणाली. "आबांनीही सोडलं नव्हतं."